हुकमाच्या मेंढीची खूण

बन्सी,

काल मी तू होऊन जेवलो.

हसू नकोस. काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी होती आणि तुझ्या घरी तुझ्या नावाचं डेरगं, पाण्याची मातीची घागर, भरलं. तुझे वडील गेले तेव्हा धनाचा बाप पितर बसायचा, आठवतं ना? गेलेल्याला आखाजीला जेवायला बोलवायचं. तो काही येणार नाही, म्हणून बाहेरच्या घरातलं एखादं माणूस त्याच्या पाटावर बसवायचं. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, गेलेल्याशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायचं. आपण खिडकीच्या गजांना लोंबकळून खिदळायचो, कारण धनाचा बाप पुरणपोळ्यांवर पुरणपोळ्या हाणत होता आणि तुझी आजी डोळे पुसत त्याला 'बाळा, अजून घे' म्हणत होती. काल त्या पाटावर मी होतो आणि खिडकीत कुणाची तरी पोरं खिदळत होती.

मी काही आनंदाने तयार झालो नाही. तुझा दिनेश सुरतेहून आला आणि आल्या आल्या माझ्या ओसरीवर येऊन उभा राहिला.

"काका, आईनी सांगेल शे, बाबाना पितर म्हनीसन तुम्हीच बसा."

"मन्हाघाई व्हणार नही रे," मी म्हणालो. "धनाले सांग."

"धनाकाकाले सांगं मी. त्या म्हनतस, भिडूनी जागा भिडूच लेस."

धनाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तुला खरं सांगतो, मला भीती वाटली. एकदा पितर बसलेला माणूस दरवर्षी बसतो, स्वतः जाईपर्यंत. तू आणि मी एकाच पावसाळ्यात जन्मलेले. अशा वयात मेलेल्याच्या पाटावर बसायला कुणाला हौस असते? पण दिनेशचा चेहरा अगदी तुझ्यासारखा दिसत होता, आणि तुला मी आयुष्यात कधी धड नाही म्हणू शकलो नाही. भांडलो खूप, पण नाही म्हटलं नाही.

भांडणावरूनच सांगायचं आहे मला. त्यासाठीच बसलोय लिहायला.

तू गेल्यापासून लोक मला विचारतात, बन्सीआप्पा कसे होते? मी काय सांगू? मिरची चांगली पिकवायचा, हे तर सगळ्या कोरीट गावाला माहीत आहे. मला आठवतं ते भलतंच. दुपारी तू माझ्या घरासमोर यायचास, हाक मारायचा नाहीस, फक्त घसा खाकरायचास. मी चप्पल घालून बाहेर. सुवालालच्या दुकानाच्या ओट्यावर पोहोचेपर्यंत आपण एक अक्षर बोलायचो नाही. वाटेत नंदुरबारची गाडी वाजली की तू हॉर्नवरून ड्रायव्हर कोण ते सांगायचास. मी एस.टी.त जन्म घालवला, तरी मला ते जमलं नाही, आणि तू दर वेळी बरोबर सांगायचास. निदान तसं तू म्हणायचास. गाडी येऊन पाहायला थांबलोय कधी आपण? तुझ्या थापांवर मी इतकी वर्षं विश्वास ठेवला, कारण त्या पडताळून बघण्यात मजा नव्हती.

मग ओटा. मग मेंढीकोट. सुवालाल आणि धना एका बाजूला, तू आणि मी एका बाजूला. दहाच्या पानाला मेंढी म्हणायचं, ज्या जोडीने जास्त मेंढ्या ओढल्या ती जिंकली, चारही ओढल्या तर कोट. पैशाचा खेळ आपण कधी खेळलो नाही. सुवालालच्या धर्मात बसत नाही आणि तुझ्या बायकोने घरात घेतलं नसतं. हरणाऱ्याने चहा सांगायचा, बस्स. सुवालालचे पूर्वज राजस्थानातून आले, पण अहिराणीत तो आपल्याला विकून खाईल. तो दिवस मावळायच्या आत जेवतो, म्हणून शेवटचा डाव नेहमी ऊन कललं की पडायचा.

जागाही ठरलेल्या. तू रस्त्याकडे पाठ करून, मावळतीच्या बाजूला. तुझी मान धरायची, कडुलिंबातून झिरपणाऱ्या उन्हाने बरं वाटायचं म्हणायचास. मी तुझ्यासमोर. जागा बदलली की नशीब बदलतं, असं आपल्या चौघांचं पक्कं मत. धनाचा पाय मोडला होता तेव्हाही त्याला उचलून त्याच्याच जागेवर ठेवला, पण जागा बदलली नाही.

आणि खुणा. आता तू गेलास, तर लपवायचं काय? आपण लबाड होतो, बन्सी. नाक खाजवलं की चौकट, खोकला आला की किलवर नाही, आणि उजवा कान धरला की हुकमाची मेंढी माझ्याकडे आहे, सांभाळून खेळ. कानाची खूण तूच काढलीस. लहानपणी वाद झाला की तू माझा उजवा कान पकडायचास आणि म्हणायचास, "म्हन, मानी लिधं." मी हार कबूल करून तसं म्हणेपर्यंत सोडायचा नाहीस. तापीच्या वाळूत तू मला असाच धरून ठेवलंस, म्हशी घरी निघून गेल्या तरी. वाद कशावरून होता ते आज आठवत नाही. कान किती तापला होता ते आठवतं.

सुवालालला संशय होताच. "तुम्ही दोन्ही खुना करतस," म्हणायचा. आपण लगेच देवाची शपथ घ्यायचो. तू तर सप्तशृंगीची घ्यायचास. ताकास तूर लागू दिली नाही आपण कधी.

आता तो शेवटचा दिवस. माघातला. रस्ता रुंद करायला ओट्यासमोरचा लिंब नुकताच तोडला होता आणि सगळं अंगण उघडं बोडकं दिसत होतं. शेवटच्या डावात तीन मेंढ्या आपल्याकडे आल्या. चौथी, हुकमाची, मिळाली की कोट. मी बेधडक हुकूम उतरलो. तुझ्याकडे हुकमाचं ते एकच पान, नेमकी मेंढी, ती पडली. आणि धनाने वरून एक्का आपटला. सुवालाल तर उठून नाचला.

ओट्यावर भांडायची सोय नव्हती, खुणांचं भांडण मोठ्याने कसं करणार? मग घरी जाताना हातपंपाजवळ उभे राहिलो आणि दोन म्हातारे दबक्या आवाजात एकमेकांवर खेकसायला लागलो.

"मेंढी व्हती तर खूण काबरं दिधी नही?"

"दिधी नही? दोनदा कान धरा मी!"

"मंग माले काय दिसाव नही? आंधया शे का मी?"

"तू मन्हाकडे दखतच नव्हतास."

"दखी ऱ्हायंतू! एकसारखा दखी ऱ्हायंतू. तू कान धराच नही."

तू माझ्याकडे पाहिलंस. पाणी भरायला आलेल्या बाया ऐकत होत्या म्हणून आणखी जवळ आलास आणि म्हणालास, "सकाय दखसूत. मानी लिधं म्हनाशिवाय सोडणार नही तुले."

मी म्हणालो, "दखसूत."

हे आपलं शेवटचं बोलणं. सकाळी तू चहा न घेताच मोटार चालू करायला मळ्यात गेलास आणि तिथेच राहिलास. धनाला दिसलास तेव्हा विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेला होतास म्हणे, डोळे उघडे आणि उजवा हात कानाशी. लोक म्हणाले, मोटारीचा आवाज ऐकत असेल. मीही तेच म्हणालो. रडणाऱ्या बायकांत दुसरं काही म्हणता येत नव्हतं, आणि धना माझ्याकडे बघत नव्हता.

तेव्हापासून मी ओट्यावर गेलो नाही. दुपारी घराबाहेर कुणी खाकरलं की माझा पाय चपलेत जातो. दोनदा तर मी फाटकापर्यंत गेलो. रस्त्यावर कुणी नसतं. माझी सुमन म्हणते, शेजारचा म्हातारा खाकरतो. शेजारचा म्हातारा मुलाकडे धुळ्याला गेलाय, हे मी तिला सांगत नाही.

तर, काल. दिनेशने माझे पाय धुतले, गंध लावलं आणि म्हणाला, "बाबा, चला." त्याला तसंच म्हणायला सांगितलेलं असतं, मला कळतं ते. तरी मी मागे वळून पाहिलं. डेरग्यावर खरबूज ठेवलं होतं, निखाऱ्यावर पितरांचा घास, आगारी, टाकल्याचा तुपाचा धूर खोलीभर होता. बाहेर कुठल्या तरी झाडाला पोरींनी झोका बांधलेला, त्याचा दोर कर्र कर्र वाजत होता. ताटात खापरावरची पुरणपोळी, आमरस, रशी, कुरडई. आणि ताटाच्या कडेला, तुला लागायची तशी, कच्ची हिरवी मिरची. तुझ्या शेतातली.

तुला माहीत आहे मी मिरचीला हात लावत नाही. वीस वर्षांपासून पित्त आहे मला. तू पैजेने मला अर्धी खायला लावली होतीस, तेव्हा मी गुरांच्या हौदात तोंड घातलं होतं आणि तू पोट धरून हसला होतास. काल बोलता बोलता मी खाली पाहिलं तर मिरचीचा फक्त देठ उरला होता. मी ती खाल्ली होती. तोंडात काहीच झालं नव्हतं, काकडी खावी तसं. कमलवहिनी वाढता वाढता थांबल्या. त्यांनीही देठ पाहिला. मग दुसरी मिरची आणून ठेवली, आणि मी तीही खाल्ली.

"धीरे धीरे जेवा," त्या म्हणाल्या. "मांगे कोन लागेल शे?"

हे त्या तुलाच म्हणायच्या, रोज. मी हळू जेवलो.

हात धुवायला पाणी घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "त्या दिन च्या न पेता गयात तुम्ही. मी उकयी ठेयेल व्हती. आज ओटावर धाडी देसू. पी ल्या."

मी 'हां' म्हणालो. आणि बन्सी, तो हुंकार माझा नव्हता. तुझा जो खालच्या पट्टीतला, अर्धा नाकातला हुंकार असायचा ना, तो. वहिनी तांब्या तिथेच ठेवून आत निघून गेल्या. मला तेव्हा तुझा राग आला. जिवंतपणी बायकोशी दोन शब्द नीट बोलला असतास तर माझ्यावर ही वेळ आली नसती.

मी ओट्यावर जाणार नव्हतो. घरीच निघालो होतो. पण दिनेश म्हणाला, सुवालालशेठ आणि धनाकाका वाट बघत आहेत, आखाजीचा डाव चुकवायचा नसतो. खरं आहे, तो आपण कधी चुकवला नाही. सुमन चिंचपाड्याला दवाखान्यात होती त्या वर्षीसुद्धा. तू पत्त्यांचा जोड खिशात घालून आलास, व्हरांड्यातल्या बाकावर बसून दिवसभर माझ्याशी दोघांचा डाव खेळलास. डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस लागतील, एकही प्रश्न विचारला नाहीस. संध्याकाळी उठताना फक्त म्हणालास, "ती बरी व्हई जाई, तू पत्ता नीट पीस." त्या दिवसाचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात ती रीत नव्हती. आज मानतो. तू नसतास तर तो दिवस माझ्याने काढवला नसता.

अर्ध्या वाटेवर माझं पायाकडे लक्ष गेलं. मी तुझ्या चपला घालून आलो होतो. वहिनींनी त्या अजून उंबऱ्यापाशीच ठेवल्यात. तुझा पाय माझ्यापेक्षा चांगला बोटभर मोठा. पण चपला सैल होत नव्हत्या. दिनेश बरोबर होता म्हणून मी तसाच चालत राहिलो.

ओट्यावर मी आपल्या जागेवर बसायला गेलो तर सुवालालने हात आडवा केला.

"तठे नही. आज तू बन्सी शेस. बन्सीनी जागावर बस."

आणि माझ्या जागेवर दिनेशला बसवलं. पोरगा सुरतेत मामाकडे वाढलेला, आपल्यात कधी बसलेला नाही, मेंढीकोट जेमतेम येतं त्याला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी ओटा तुझ्या बाजूने पाहिला. मानेवर ऊन आलं आणि खरंच बरं वाटलं. समोर दिनेश डोळ्यांवर आडवा हात धरून बसला होता.

"काका, तुम्ही दिसतच नही," तो म्हणाला. "सूर्य डोयामा जास. नुसतं कायं कायं दिसस. बाबाच बठेल शेतस असं वाटस."

तिथेच मला कळलं. लिंब तोडला होता. त्या दिवशी मी त्याच उन्हात बसलो होतो, आणि तुझा नुसता काळा आकार समोर होता. धना म्हणाला होता, सरक थोडा; मी म्हणालो, मला सगळं दिसतं. जागा बदलली की नशीब बदलतं ना! कान धरलास की नाही, हे मला दिसणं शक्यच नव्हतं. पण शक्य नव्हतं आणि तू धरला होतास, या दोन गोष्टी वेगळ्या. मी इतका सहज हार मानणारा नाही, तुला माहीत आहे. पानं पिसायला घेतली.

डाव चांगले चालले होते. धना हसत होता, सुवालाल तुझ्या नकला करत होता, आणि मला वाटलं, आता पुन्हा येता येईल ओट्यावर. ऊन कललं. शेवटचा डाव. धनाने पानं वाटली, सुवालालने आपली पाच पानं पाहून इस्पिक हुकूम सांगितला. तेवढ्यात वहिनींनी धाडलेला चहा आला. मी माझी पानं उचलली नव्हती. ती समोर पालथी पडलेली होती. उजव्या हातात चहाचा ग्लास, डावा हात ओट्यावर टेकलेला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर मीच मला शंभर वेळा विचारलंय.

दिनेश डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही मघापासून कान काबरं धरी बठनात? बाबा धरेत तसा?"

धनाचा हात थांबला. सुवालालने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग माझ्या कानाकडे. मी ग्लास खाली ठेवला आणि माझी पानं उचलली.

पहिलंच पान इस्पिकची दश्शी. हुकमाची मेंढी.

मी पान चौघांच्या मध्ये उताणं ठेवलं. झोक्याचा कर्र कर्र आवाज येत होता. शेवटी सुवालालने आपले पत्ते खाली टाकले. आधी एक शिवी घातली, मग म्हणाला,

"मरी गया तरी खुना करानं सोडं नही यानी."

आणि तो रडायला लागला. धनाही. दिनेश गोंधळून आमच्याकडे बघत होता. त्याला बापाची कान धरायची सवय माहीत, खुणांचं काही ठाऊक नाही, तू त्याला कधी सांगितलं नव्हतंस. सुवालाल डोळे पुसत म्हणाला, पोराच्या डोळ्यांवर ऊन होतं, उन्हात माणसाला काहीही दिसतं. असेलही तसं. मी उरलेला चहा पिऊन टाकला, कारण वहिनींना हां म्हणालो होतो. डाव तसाच राहिला. सुवालाल दिवस मावळला तरी जेवायला उठला नाही.

तुझ्या चपला तुझ्या उंबऱ्याशी ठेवल्या आणि माझ्या तिथेच विसरून मी अनवाणी घरी आलो. दिव्याखाली आलो तशी सुमन म्हणाली, "अहो, तुमना कान काय व्हयना? लालभडक दिसी ऱ्हायना." मी आरशात पाहिलं. डावा कान होता तसाच. उजवा लाल झालेला, पाळीवर बोटांच्या दोन खुणा. रात्रभर त्या कुशीवर झोपता आलं नाही. आज सकाळी सुमनने तेल लावलं, तरी तापलेलाच आहे. लिहितानाही जाणवतोय.

एवढंच होतं, मित्रा. इतकी वर्षं तुझ्याशिवाय कुणापुढे मी हरलो नाही, आणि या वादात तुझ्यापुढेही हरायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या आखाजीला मीच येईन तुझ्या पाटावर. मिरची खाईन. वहिनींशी दोन शब्द बोलेन, तुझ्या वाटचे. ओट्यावर तुझ्याच जागेवर बसेन.

मानी लिधं, बन्सी. तू खूण करेल व्हती. सोड आते.